जुन्या डायऱ्यांवरून एखाद्या गोल्फपटूची सुरुवातीची वर्षे कशी शोधावीत?

पुढे गोल्फ मैदानांचा रचनाकार म्हणून नावारूपाला आलेल्या एका ब्रिटिश गृहस्थाच्या १८९५ ते १९०५ या काळातल्या डायऱ्या तुमच्या हाती आल्या आहेत, आणि तरुणपणी तो कितपत चांगला खेळत असे, हे तुम्हाला त्यांवरून ठरवायचे आहे. त्याच काळातल्या दुसऱ्या एका खेळाडूच्या डायऱ्या मी दोन वर्षे वाचत होतो. त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो, की त्यातला एकही शब्द आजच्या अर्थाने वाचू नका.

एका शनिवारच्या पानावर पेन्सिलीने ‘टू डाउन टु बोगी’ एवढेच लिहिलेले होते आणि मी त्याचा अर्थ बोगीपेक्षा दोन फटके कमी असा लावला. वास्तविक त्या काळी बोगी म्हणजे चांगल्या हौशी खेळाडूला एखाद्या होलसाठी, म्हणजे मैदानावरच्या अठरा टप्प्यांपैकी एकासाठी, पुरेसे मानलेले फटके. खेळाडू प्रत्येक होलला त्या आकड्याशीच सामना खेळे, त्यामुळे ‘टू डाउन’ याचा अर्थ तो दोन होलनी हरला, असा होतो. मात्र अशा स्पर्धेत बाकीचे त्याहून वाईट हरले असतील, तर हाच खेळाडू पहिलाही आलेला असू शकतो! ‘थ्री अँड टू’चेही तसेच आहे. दोन होल शिल्लक असताना तीन होलची आघाडी मिळाली, म्हणजे सामना सोळाव्या होललाच संपला. अशा दिवशी एकूण फटके शोधण्यात अर्थ नाही.

डायरीच्या शेवटच्या पानांवरचा खर्च अवश्य पाहा. १९०२ साली सँडी हर्डने हॉयलेक येथे रबरी गाभ्याचा हॅस्केल चेंडू वापरून ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर गुट्टा-पर्चाचे (झाडाच्या चिकापासून केलेले) जुने चेंडू झपाट्याने मागे पडले. तुमच्या गृहस्थाच्या हिशेबात हॅस्केलची खरेदी दिसली आणि लगोलग त्याचे फटके कमी झालेले आढळले, तर त्या सुधारणेचे सगळे श्रेय त्याच्या हातांना देऊ नका.

डायरी लिहिणारा हरलेले दिवस गाळतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून स्थानिक साप्ताहिकांत छापून येणारे क्लबच्या मासिक पदक स्पर्धांचे निकाल शेजारी ठेवा. त्यांत बहुधा एकूण फटके, हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीनुसार एकूणातून वजा होणारे फटके) आणि निव्वळ फटके असे तिन्ही आकडे मिळतात. माझ्या मते यांतला हँडिकॅप सर्वांत विश्वासार्ह, कारण तो क्लबने ठरवलेला असे. तो प्रथम छापून आल्याची तारीख शोधा आणि तिथून डायऱ्यांची पाने मागे उलटत जा.