रंगीत बॉल घेण्याआधी डोळे दाखवा : गोल्फ खेळणाऱ्या वाचकांची प्रश्नोत्तरे

गोल्फ खेळणाऱ्या वाचकांची पत्रं हल्ली वाढली आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं : पांढरा बॉल दिसत नाही, कोणत्या रंगाचा घेऊ? विचारणं रास्त आहे. पण आधी दुकानदाराचा सल्ला, मग क्लबातल्या मित्रांचा, आणि सगळ्यात शेवटी नेत्रतज्ज्ञ असा क्रम लागतो, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

पिवळा, नारिंगी, गुलाबी, पोपटी असे सगळे बॉल मिळतात. डोळ्यांना सर्वांत चांगला दिसणारा रंग कोणता? (पुणे)

भर उजेडात आपला डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला. टेनिसचा चेंडू साधारण त्याच रंगाचा असतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने १९७२ मध्ये पिवळ्या चेंडूला मान्यता दिली, कारण रंगीत टीव्हीवर पांढरा चेंडू प्रेक्षकांना नीट दिसत नव्हता. विम्बल्डनने मात्र १९८६ मध्ये तो स्वीकारला.

यावरून पिवळा घ्या असं सांगून मोकळं होता येत नाही. चेंडू दिसतो तो मागच्या पार्श्वभूमीमुळे. पावसाळ्यात रफमधलं, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत हिरवंगार असतं तेव्हा नारिंगी आणि गुलाबी उठून दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच गवत वाळून पिवळं पडतं, मग पिवळा चेंडू त्यात मिसळून जातो. एप्रिल-मेमध्ये सोनमोहराखाली पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडलेला असतो. तिथे पिवळा चेंडू बुटाच्या टोकाशी असला तरी दिसत नाही. गुलमोहराखाली नारिंगीची आणि बोगनवेलीच्या कुंपणाशी गुलाबीची तीच गत. त्यामुळे बॅगेत दोन रंग ठेवा आणि ऋतू पाहून बदला.

फ्लुरोसंट रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो दिसणाऱ्या रंगात परत फेकतो, म्हणून उघड्या उन्हात तो जास्त चमकदार वाटतो. दाट झाडाखाली ही करामत बरीच ओसरते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या चेंडूवर उन्हाचा चकाकणारा ठिपका पडत नाही, त्यामुळे त्याचा रंग सगळीकडून सारखा दिसतो. तीन चेंडूंचं एकेक पाकीट घेऊन स्वतःच्या मैदानावर बघा. दुकानातल्या दिव्याखाली पाहून डझनाचा खोका घेऊ नका.

स्पर्धेत रंगीत बॉल चालतो का? (नाशिक)

चालतो. नियम किमान व्यास (४२.६७ मिमी) आणि कमाल वजन (४५.९३ ग्रॅम) ठरवतात, रंग ठरवत नाहीत. अमेरिकन गोल्फपटू जेरी पेट यांनी १९८२ ची टूर्नामेंट प्लेअर्स चॅम्पियनशिप नारिंगी चेंडूने जिंकली होती. काही स्पर्धांत फेरीभर एकाच मॉडेलचा चेंडू वापरण्याचा स्थानिक नियम असतो. रंग बदलायचा असेल तर समितीला आधी विचारून घ्या.

रंगीत बॉल कमी अंतर जातो म्हणतात, खरं का? (पुणे)

अंतर चेंडूच्या बांधणीवर ठरतं, रंगावर नाही. बांधणीचं तुमच्या प्रशिक्षकाला विचारा.

माझ्या मिस्टरांना लाल-हिरव्यातला फरक लहानपणापासून कळत नाही. मुलाने अमेरिकेहून लालसर नारिंगी बॉल पाठवले, तेही गवतात दिसत नाहीत. रंग दाखवणारे चष्मे ऑनलाइन मिळतात, घ्यावेत का? (मुंबई)

मुलाने आठवणीने पाठवले, पण नेमका नको तो रंग आला. ज्यांना लाल-हिरवा वेगळा करता येत नाही, त्यांना गवतातला चेंडू फक्त उजेड-अंधाराच्या फरकावर शोधावा लागतो. त्यांच्यापैकी काहींना लाल रंग मुळातच काळपट दिसतो, म्हणजे तोही फरक उरत नाही. त्यांच्यासाठी पांढरा किंवा झगझगीत पिवळा बरा.

हा दोष दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के आढळतो, आपल्याकडे त्याहून कमी. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने बायकांत तो फार क्वचित दिसतो. जपानचे डॉ. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवर तो काही मिनिटांत कळतो. चष्म्याबद्दल स्पष्ट सांगतो : तो प्रकाशातल्या काही तरंगलांबी अडवतो, त्यामुळे काहींना काही रंगांत जास्त फरक जाणवतो. दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात (रेटिनात) जे नाही ते चष्मा आणून देत नाही. ‘रंगांधळेपणा बरा होतो’ अशी जाहिरात असेल तर तिथून काहीच विकत घेऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. जन्मजात दोष आयुष्यभर तसाच राहतो. मोठेपणी रंग फिके दिसायला लागले, विशेषतः एकाच डोळ्याला, तर तो जन्मजात दोष नव्हे. दृष्टिपटल किंवा डोळ्याची नस तपासायला हवी. टीबीवरच्या एथाम्ब्युटॉल या औषधानेही लाल-हिरव्यातला फरक कमी होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका. औषध देणाऱ्या डॉक्टरांना आणि नेत्रतज्ज्ञाला त्याच दिवशी कळवा.

दिवसा ठळक दिसणारा नारिंगी बॉल संध्याकाळी शेवटच्या दोन होलना काळपट का दिसतो? ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू का? (ठाणे)

उजेड कमी होतो तशी डोळ्याची संवेदनशीलता लालकडून निळ्या-हिरव्याकडे सरकते. लाल-नारिंगी मावळतात, गवत तुलनेने उजळ राहतं. हे निरोगी डोळ्यातही होतं. २०१५ मध्ये ॲडलेडला पहिली दिवस-रात्र कसोटी गुलाबी चेंडूने झाली, तेव्हापासून कातरवेळी चेंडू दिसायला कठीण जातो अशी तक्रार फलंदाज करत आले आहेत. त्या वेळेला पांढरा किंवा पिवळा घ्या.

गोळ्या मनाने घेऊ नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं तर यकृताला बाधतं. बरोबरच्यांना दिसतं आणि तुम्हालाच दिसत नाही असं असेल तर तपासणी करून घ्या.

वय ६१. तीन वर्षांपूर्वी पांढरा बॉल दिसेना म्हणून पिवळा घेतला, गेल्या वर्षी नारिंगी. आता तोही कुठे पडला ते कळत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तसाच आहे. मोतीबिंदू असलाच तर पिकेपर्यंत थांबा असं मित्र म्हणतात. तो विरघळवणारे थेंबही व्हॉट्सॲपवर आले आहेत. आणखी कोणता रंग घेऊन बघू? (कोल्हापूर)

आता रंग बदलू नका. तीन वर्षांत तुम्ही तीन चेंडू तपासलेत, डोळा एकदाही तपासला नाहीत.

दुकानात झाली ती नंबरची तपासणी. पांढऱ्या पाटीवर ठळक काळी अक्षरं असतात. ती शेवटच्या ओळींपर्यंत नीट, म्हणजे ६/६ वाचता आली म्हणजे नजर शाबूत आहे असा समज घट्ट बसला आहे आणि त्यापायी लोकांचं नुकसान होतं. गवतातला चेंडू काही काळ्या-पांढऱ्याइतका स्वच्छ वेगळा नसतो. तिथे लागते छटांमधला बारीक फरक ओळखण्याची ताकद, म्हणजे कॉन्ट्रास्ट. तिच्यासाठी वेगळा तक्ता असतो. त्यात अक्षरं सगळी एकाच मापाची, पण खाली खाली फिकी होत जातात. सुरुवातीच्या मोतीबिंदूत पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस या तक्त्यावर निम्म्यात अडकू शकतो. घरातही खुणा दिसतात : संध्याकाळी जिन्याच्या पायरीची कड कळत नाही, दह्यात पडलेला केस दिसत नाही, समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. यातलं काही होतं आहे का ते आठवून तपासणीच्या वेळी सांगा.

मोतीबिंदूच असेल असंही मी पत्रावरून सांगणार नाही. मला जास्त काळजी काचबिंदूची वाटते. बहुतेक वेळा तो दुखत नाही, डोळा लाल होत नाही. कडेची नजर गुपचूप खात जातो आणि गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. नुसता डोळ्याचा दाब नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, नॉर्मल दाबातही काचबिंदू होतो. नस पाहावी लागते आणि गरज पडली तर नजरेच्या क्षेत्राची तपासणी, जिला फील्ड टेस्ट म्हणतात. मधुमेह असेल तर बाहुली मोठी करून दृष्टिपटलही दर वर्षी बघायला हवं, साखर ताब्यात असली तरी.

‘पिकेपर्यंत थांबा’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. तेव्हा मोठा छेद घेऊन आख्खं भिंग बाहेर काढत. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात. फार पिकलेलं भिंग कठीण होतं आणि शस्त्रक्रिया सोपी होण्याऐवजी अवघड होते. कधी करायची ते तुमची रोजची कामं किती अडतात यावर ठरतं, आणि ते तुमच्या नेत्रतज्ज्ञाबरोबर बसून ठरवायचं.

थेंब डिलीट करा. मोतीबिंदू विरघळवणारे कोणतेही थेंब आजवर सिद्ध झालेले नाहीत. बाटली संपेपर्यंत वाट बघण्यात काचबिंदूचे महिने वाया जातात, हा त्यातला खरा धोका. शस्त्रक्रिया ठरलीच, तर महागडं मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग ‘गोल्फरांसाठी खास’ म्हणून गळ्यात मारलं जाऊ शकतं. त्याने काहींचा चष्मा सुटतो, पण काहींना कॉन्ट्रास्ट कमी मिळतो आणि दिव्याभोवती वलयं दिसतात. तुमची तक्रार कॉन्ट्रास्टचीच आहे. तेव्हा पॅकेज निवडण्याआधी हे वाक्य सर्जनसमोर जसंच्या तसं बोला आणि लागलं तर दुसरं मत घ्या.

पुढच्या खेळाच्या आधी एवढं करा : टीवर (पहिला फटका मारतात तिथे) उभं राहून एकेक डोळा झाकून दूरच्या ग्रीनवरचा (होलभोवतीच्या हिरवळीवरचा) झेंडा बघा. दोन डोळ्यांत फरक जाणवला तर त्याच आठवड्यात दाखवा. नाही जाणवला तरी या महिन्यात दाखवाच.

निळ्या काचांचे ‘बॉल शोधणारे’ चष्मे खरे असतात का? (नवी मुंबई)

अर्धे खरे. निळी काच गवताचा पिवळा-हिरवा प्रकाश अडवते, गवत काळवंडतं आणि पांढरा चेंडू उठून दिसतो. पण चेंडू पिवळा किंवा नारिंगी असेल तर तोही काळवंडतो, आणि हे विकणारा सांगत नाही. २०१९ पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, तेवढ्यापुरता वापरायचा तर वापरा. तो घालून गाडी चालवू नका. त्याला उन्हाचा चष्माही समजू नका : काच नुसती गडद असेल आणि यूव्ही ४०० (अतिनील किरणं अडवणारं) संरक्षण नसेल, तर बाहुली मोठी होऊन अतिनील किरणं जास्तच आत जातात. घेण्याआधी चष्मेवाल्याकडून यूव्ही मीटरवर तपासून घ्या.

प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर असलेला) चष्मा लागल्यापासून शॉट चेंडूच्या वरच्या भागाला लागतो. (बंगळुरू)

मान खाली घातली की तुम्ही वाचण्याच्या भागातून चेंडू बघता, तो धूसर आणि जागा बदलल्यासारखा दिसतो. खेळायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. नंबर ताजा तपासून मगच.

मी कॅडी आहे, खेळाडूंची बॅग सांभाळतो आणि बॉल शोधतो. साहेबांचे बॉल लांबून दिसेनासे झाले आहेत. काम जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही. (पुणे)

सांगायला हवं, आणि घाबरायचं कारण नाही. कदाचित नुसता नंबर असेल. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. मोतीबिंदू निघाला तरी राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली तिथे शस्त्रक्रिया मोफत होते. चष्मा लागला तर पॉलिकार्बोनेट (सहज न फुटणारी) काच मागा. गोल्फचा चेंडू लहान आणि कठीण असतो, भोवतीची हाडं त्याला पुरेसं अडवू शकत नाहीत, डोळा फुटू शकतो.

क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तुमच्या कॅडींची दर वर्षी नेत्रतपासणी करा. दिवसभर उन्हात उभं राहून तुमचे चेंडू तेच शोधतात.

चार दिवसांपासून उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके आणि कडेला वीज चमकल्यासारखं होतं. हवेतला बॉल मध्येच गायब होतो. पंधरा दिवसांनी क्लबची स्पर्धा आहे, ती झाल्यावर दाखवलं तर चालेल का? (सोलापूर)

चालणार नाही. या वाचकांचं पत्र मला मिळालं त्याच दिवशी त्यांना कळवलं आहे. इथे छापतो ते इतरांसाठी. अचानक वाढलेले ठिपके, चमक आणि नजरेवर सरकणारा पडदा ही दृष्टिपटल फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणं असू शकतात. नुसती फट असेल तर लेझरने बहुधा भागतं, दृष्टिपटल सुटलं तर मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि मध्यभाग सुटल्यावर पूर्वीची नजर मिळेलच असं नसतं. त्याच दिवशी रेटिना तपासणारी सोय असलेल्या रुग्णालयात जा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर न्या.