मायक्रोपोलर फ्लुइडमध्ये स्ट्रेस टेन्सर सिमेट्रिक का राहत नाही?

भावा, तू विचारलंयस की नेव्हिअर-स्टोक्समध्ये (साध्या द्रवाच्या वाहण्याच्या समीकरणांत) स्ट्रेस टेन्सर (द्रवातल्या ताणांचा तक्ता) सिमेट्रिक असतो, म्हणजे जोडीतले दोन शिअर स्ट्रेस सारखे असतात, मग एरिंगेनच्या १९६६ च्या मायक्रोपोलर थिअरीत (जिथं द्रवातले कण स्वतःभोवतीही फिरतात) का नाही, आणि सर म्हणतात, 'तसंच गृहीत धर'. धरायला नको, गणितातनंच निघतंय ते.

द्रवाचा बारका क्यूब घे, बाजू 'अ'. एकमेकांना काटकोनात असलेल्या पृष्ठांवरचे दोन शिअर स्ट्रेस (पृष्ठाला समांतर ओढणारे ताण) वेगळे असले तर क्यूबवर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो, तो 'अ'च्या ३ऱ्या घातात, आणि क्यूबचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) ५व्या घातात. आता 'अ' शून्याकडं ने, इनर्शिया टॉर्कच्या मानानं लय लवकर संपतो, म्हणजे क्यूब अनंत जोरानं गरगरायला पाहिजे, तसं होत नाही म्हणून दोन्ही स्ट्रेस सारखे. पण यात कणाला स्वतःची फिरकीच नाही असं धरलेलं असतंय. एरिंगेननं ती दिली. तिचा इनर्शिया ३ऱ्याच घातात, वर शेजारचे कण एकमेकांना पिळतात तो कपल स्ट्रेस, मग फरक टिकतो.

पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला जाऊन बघ. काठाला पाणी हळू, आत जोरात, त्यामुळं सुटं गोल पान वाहता वाहता साधारण निम्म्या व्हॉर्टिसिटीनं (प्रवाहाच्या स्वतःच्या गरगरण्याच्या मापानं) फिरतं. केंदाळ दाटलं की पानं एकमेकांत अडकतात, पाण्याच्या हिशेबानं फिरत नाहीत. निम्मी व्हॉर्टिसिटी वजा मायक्रोरोटेशन (कणाची, इथं पानाची, स्वतःची फिरकी), गुणिले कप्पा (या फिरकीला प्रवाहाशी जोडणारी व्हिस्कॉसिटी), हाच अँटिसिमेट्रिक स्ट्रेस, म्हणजे दोन शिअरमधला फरक दाखवणारा भाग. कप्पा शून्य केला की वेगाचं समीकरण परत नेव्हिअर-स्टोक्स.

खरी गोची नळीच्या भिंतीवर काय कंडिशन घ्यायची, तिथं आहे. बरेच जण मायक्रोरोटेशन शून्य टाकून मोकळे होतात. तुला प्रोजेक्ट रक्तावर करायचाय म्हणून मुद्दाम सांगतो, शून्य टाकलंस तर बारीक नळीत कणांची फिरकी दाबली जाते आणि इफेक्टिव्ह व्हिस्कॉसिटी म्यू (द्रवाची नेहमीची व्हिस्कॉसिटी) अधिक निम्मा कप्पा होती ती म्यू अधिक कप्पाकडं जाते, म्हणजे वाढते. रक्तात उलटं होतंय, साधारण ०.३ मिमीपेक्षा बारीक नळीत ते पातळ वागतं, फॅरिअस आणि लिंडक्विस्टनी १९३१ लाच दाखवलंय, कारण तांबड्या पेशी मधे सरकतात आणि भिंतीलगत नुसत्या प्लाझ्माचा थर राहतो. तेव्हा मधे मायक्रोपोलर आणि कडेला साधा न्यूटोनियन (पाण्यासारखा, व्हिस्कॉसिटी कायम असलेला) थर असं दोन थरांचं मॉडेल घे, दोन्हीच्या सीमेवर वेग आणि शिअर जुळव, आणि तिथं मायक्रोरोटेशनला काय कंडिशन घेतलीस आणि का, हे आधी लिहून काढ, मग सोडवायला बस.