डेन्सिटी १०१० वर अडकली असेल तर आधी टोपीत हात घाला

तुम्ही लिहिलंय की फ्रान्समध्ये, बोर्दोच्या सँतेमिलियोंजवळच्या वाईन इस्टेटीत तुमचा पहिलाच हंगाम आहे. मेर्लो या काळ्या द्राक्षाची जुनी सिमेंटची टाकी, बाहेरचं यीस्ट न घालता सुरू केलेली, चार दिवस १०१० डेन्सिटीवर (लिटरला १०१० ग्रॅम; साखरेचं अल्कोहोल होत जाईल तशी ती उतरायला हवी) थांबली आहे आणि मालक म्हणतात, होईल आपोआप. वाचून पोटात गोळा आला. बोर्दोच्याच मेदॉक भागात माझ्या दुसऱ्या हंगामात अगदी हेच झालं होतं. निफाडकडचं हार्वेस्ट मार्चपर्यंत उरकायचं आणि सप्टेंबरात तिकडे जायचं, असे तीन हंगाम मी केले. ओनोलॉगची, म्हणजे वाईनतज्ज्ञाची पदवी माझ्याकडे नाही. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा आणि शेवटचा निर्णय तिथल्या ओनोलॉगला विचारूनच घ्या.

नायट्रोजन, यीस्टचे डोस वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी जिथे फसलो तेवढंच सांगतो.

आमची टाकी ६० हेक्टोलिटरची, म्हणजे आठ हजार बाटल्यांचा माल. भिंतीत खाली सेन्सर आणि बाहेर छान डिस्प्ले. तो २८ दाखवायचा आणि मी दर चार तासांनी वहीत २८ लिहायचो. रविवारी माणसं कमी होती, म्हणून रमोंताज, म्हणजे खालचा रस पंपाने वर तरंगणाऱ्या सालींवर सोडणं, एकदाच केला. सोमवारी सकाळी आमचे मेत्र द शे (सेलरचे प्रमुख), साठी ओलांडलेले गृहस्थ, शिडी चढले, बाही वर सारली आणि वर तरंगणाऱ्या सालींच्या टोपीत कोपरापर्यंत हात घातला. झटकन बाहेर काढला. मला म्हणाले, तू घाल. विसण न घातलेल्या आंघोळीच्या पाण्यात हात गेल्यासारखं झालं. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला तर ३७! खाली रस २८, वर टोपी ३७. पस्तिशीच्या पुढे, त्यात अल्कोहोल चढलेलं, तिथे यीस्ट तग धरत नाही. वहीतला माझा प्रत्येक आकडा खरा होता, पण तो टाकीच्या तळाचा होता. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक ती हीच.

त्यात भर घातली एका प्रयोगशाळेने. नाव घेत नाही. सोमवारी दुपारीच नमुना दिला. हंगामात गर्दी असते, मान्य. पण गुरुवारपर्यंत उत्तर एकच, 'मेलवर येईल'. आलं तेव्हा त्यात साखर होती, अल्कोहोल होतं आणि जी हवी होती ती व्होलाटाइल ॲसिडिटीच (बॅक्टेरियांमुळे चढणारा व्हिनेगरसारखा आंबटपणा) नव्हती. का, तर फॉर्मवरच्या त्या चौकोनात खूण नव्हती. अडकलेल्या टाकीचा नमुना आहे हे बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असताना एक फोन करायला काय हरकत होती? आजही आठवलं की संताप होतो. आणखी दोन दिवस गेले. तोवर उरलेल्या साखरेवर बॅक्टेरियांनी ताव मारला. आकडा ०.८५ आला, कायद्याच्या आत, पण ग्लास नाकाशी नेला की झोंबायचं. ती टाकी इस्टेटीच्या मुख्य वाईनमध्ये गेलीच नाही, घाऊक व्यापाऱ्याला पडत्या भावाने द्यावी लागली.

इथे एक सांगून ठेवतो. फ्रान्समध्ये हा आकडा सल्फ्युरिक ॲसिडच्या हिशोबात देतात, रेड वाईनला मर्यादा लिटरला ०.९८ ग्रॅम. आपल्याकडे ॲसेटिकमध्ये मोजायची सवय, त्यात तीच मर्यादा १.२ होते. ०.८५ वाचून मला आधी हायसं वाटलं होतं. १.२२५ ने गुणल्यावर कळलं की आपण काठावर उभे आहोत.

तुमच्या जागी मी असतो तर आजच टोपीचं तापमान तीन ठिकाणी, तीन पातळ्यांवर खोल जाऊन घेतलं असतं आणि नमुना स्वतः नेऊन दिला असता. १०१० म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास साखर अजून शिल्लक आहे, मालकांना हे आकड्यातच सांगा. सुकं यीस्ट थेट टाकीत ओतू नका. इतक्या अल्कोहोलात ते उभंच राहत नाही. रस सालींवरून काढून घ्या, ओनोलॉग सांगतील तेवढं सल्फाइट (बॅक्टेरियांना आवरायला) द्या आणि वेगळ्या भांड्यात यीस्टला याच वाईनची थोडी थोडी सवय लावत दोन-तीन दिवसांनी टाकीत सोडा.

'पारंपरिक पद्धत आहे, हात लावू नका' हे मला पटत नाही. बोर्दोच्याच नामांकित इस्टेटी बघा, ओ-ब्रियोंने १९६१ सालीच स्टीलच्या टाक्या आणल्या आणि शव्हाल ब्लांने २०११ च्या नव्या सेलरमध्ये सिमेंटच्याच ५२ टाक्या बसवल्या. दोघांनाही तापमानावर ताबा हवा होता. रानच्या यीस्टला माझा विरोध मुळीच नाही. फक्त पुढच्या वर्षी आठवडाभर आधी थोडे क्रेट भरतील इतकी द्राक्षं तोडून विरजण लावा आणि ते नीट चढलं तरच मोठ्या टाकीत घाला.

आणि विषय निघालाच आहे तर, चोथा उपसायला टाकीत एकट्याने कधीही उतरू नका. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो, त्याला वास नसतो. पंखा आधी लावा, गॅस मोजा, आणि वर तोंडाशी माणूस उभा ठेवा. नवख्या माणसालाच पहिल्यांदा आत पाठवतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

टोपीचं तापमान आणि रिपोर्टचा आकडा कळवा, कोणत्या ॲसिडच्या हिशोबात आहे तेही लिहा. मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो.