गावात राहून डेटाबेसचं काम शिकता येईल का, आणि कशावर शिकावं?

ताई, तुम्ही रिसोड तालुक्यातल्या गावातून विचारलंय. बी.एस्सी. झालंय, सेवा केंद्रावर डेटा एंट्री करता, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, पुण्याचा क्लास परवडत नाही, आणि डेटाबेस डेव्हलपर किंवा ॲडमिन व्हायचं तर काय वाचावं, कोणती साधनं घ्यावीत, असा तुमचा प्रश्न आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातला. जिनिंगच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करता करता या धंद्यात आलो, आता पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर ही डेटाबेसची सॉफ्टवेअरं सांभाळतो. शिकता येतं, नक्की येतं. एकच डेटाबेस धरा, त्याचंच मॅन्युअल वाचा, आणि ज्यातले आकडे तुम्हाला स्वतःला माहीत आहेत असा डेटा त्यात भरा.

ही तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावरच जरा जास्त बोलतो.

शिकायला म्हणून जे तयार डेटाबेस मिळतात त्यांत कुठे सिनेमाच्या डीव्हीडी भाड्याने देणारं दुकान असतं, कुठे सायकली बनवणारी कंपनी. क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, चालते, आकडा येतो, आणि तो बरोबर की चूक हे तुम्हाला कळायला मार्गच नसतो. त्याऐवजी कापसाच्या खरेदीचा डेटाबेस बनवा. तीन टेबलं पुरे: शेतकरी, काटा (वजनाच्या पावत्या), चुकारा (शेतकऱ्याला दिलेले पैसे). एका शेतकऱ्याची १८.४० क्विंटलची एकच काटा पावती आहे आणि त्याला चुकारा दोन हप्त्यांत मिळालाय असं धरा. आता तिन्ही टेबलं जोडून क्विंटलची बेरीज घ्या. उत्तर येईल ३६.८०. कुठलीही एरर नाही, क्वेरी अगदी नीट चालली, आणि कापूस दुप्पट झाला. चुकाऱ्याच्या दोन ओळींमुळे काट्याची ओळ दोनदा मोजली गेली. यावर उपाय म्हणजे काट्याची बेरीज वेगळी करायची, चुकाऱ्याची वेगळी करायची आणि मग दोन्ही जोडायच्या. ही चूक मोठमोठ्या कंपन्यांच्या रिपोर्टातही सापडते. सिनेमाच्या दुकानात ती तुमच्या लक्षात आली नसती. इथे मात्र एका बैलगाडीत ३६ क्विंटल मावत नाही हे तुम्हाला जन्मापासून माहीत आहे.

टेबलांची रचनाही याच डेटावर शिका. 'पिंपळगाव' नावाची गावं किती तालुक्यांत आहेत ते बघा, म्हणजे गावाचं नाव की म्हणून, म्हणजे ओळ ओळखायची एकमेव खूण म्हणून, का चालत नाही हे कायमचं समजेल. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत देशातल्या प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड दिलेला आहे आणि तिथून याद्या फुकट उतरवता येतात. महाराष्ट्राची यादी घ्या, टेबलात भरा, तालुका आणि जिल्हा फॉरेन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या कीचा हवाला देऊन, जोडा. बाजार समित्यांचे रोजचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी साइटवर मिळतात, तेही भरा. अशा फाइली भरताना तारखांचे घोळ, रिकाम्या जागा, दोनदा आलेल्या ओळी हे सगळं निस्तरावं लागतं, आणि नोकरीतलं निम्मं काम तेच असतं. वजन आणि पैसे फ्लोट प्रकारच्या कॉलममध्ये ठेवू नका, न्यूमेरिक प्रकारच्या कॉलममध्ये ठेवा. फ्लोटमध्ये दशांश अचूक राहत नाहीत आणि शेवटी पैशांचा ताळा बसत नाही.

आता डेटाबेस कोणता? तुमच्या लॅपटॉपला पोस्टग्रेस. १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून त्याची सुरुवात झाली आणि १९९६ पासून तो पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने चालतो. पूर्ण फुकट आहे आणि ४ जीबी रॅममध्ये आरामात चालतो. ओरॅकल त्या मशीनला जड जाईल. एसक्यूएल सर्व्हरही जडच, पण त्याच्याकडे पुढे येतो. लॅपटॉप घरी नसेल तेव्हा अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स या ॲपमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस टाकून क्वेरीचा सराव करता येतो. त्याचा सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल.

पोस्टग्रेसचं मॅन्युअल हजारो पानांचं आहे, पण पहिला भाग ट्युटोरियलचा आहे आणि तो फक्त तीन प्रकरणांचा. तिथून सुरू करा. पीडीएफ एकदा उतरवून ठेवा, मग नेट असो नसो, अडत नाही. इंग्रजी सोपं आहे. रोज थोडं वाचलं की महिन्याभरात अंगवळणी पडतं. हाताने सोडवायला पीजीएक्सरसायझेस आणि एसक्यूएलझू या साइट चांगल्या आहेत. ऐकून शिकायचं तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या पार्थ प्रतिम दास यांचा डीबीएमएसचा (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीमचा) कोर्स आहे. बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये बरेच विषय मराठी आवाजात आहेत. डेटाबेस आतून कसा चालतो याची ओढ लागली की अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँडी पाव्लो यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, पण ती पहिल्या वर्षात नको.

साधन म्हणून पीएसक्यूएल ही आज्ञा टाइप करायची काळी खिडकी आणि सोबत डीबीव्हर कम्युनिटी एडिशन, एवढंच पुरे. डीबीव्हर मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल सगळ्यांना जोडतं, त्यामुळे पुढे डेटाबेस बदलला तरी ते हाताखालचं राहतं.

क्वेरी लिहिता यायला लागल्या की इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची. जनरेट-सिरीज या फंक्शनने काटा टेबलात दहा लाख खोट्या ओळी भरा, कारण शे-दोनशे ओळींवर इंडेक्सचा फरक दिसतच नाही. पोस्टग्रेस छोटं टेबल सरळ वाचून काढतो, आणि तेच बरोबर असतं. मग प्रत्येक क्वेरीपुढे एक्स्प्लेन ॲनालाइझ लावा (क्वेरी कशी चालली ते ही आज्ञा दाखवते) आणि पोस्टग्रेसने किती ओळींचा अंदाज केला होता आणि प्रत्यक्षात किती निघाल्या हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. त्यात फार तफावत असली की दुखणं बहुतेक तिथेच असतं. आपल्याकडच्या याद्यांत आडनाव बऱ्याचदा शेवटी लिहितात. आडनाव राठोड असलेले सगळे शोधायला लाइक या शोधात टक्क्याचं चिन्ह आधी आणि आडनाव नंतर असं लिहिलंत की साधा बी-ट्री इंडेक्स कामाचा राहत नाही, पूर्ण टेबल वाचलं जातं. आडनावाचा वेगळा कॉलम करा, किंवा पीजी-ट्रायग्रॅम (pg_trgm) हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-सुविधा, वापरा. मार्कुस विनांड यांची 'यूज द इंडेक्स, ल्यूक' ही साइट या एकाच विषयाला वाहिलेली आहे आणि फुकट आहे. डेव्हलपर व्हायचं असेल तर ती शेवटपर्यंत वाचाच.

ॲडमिन व्हायचं असेल तर मोडून दुरुस्त करायला शिका. पीएसक्यूएलच्या दोन खिडक्या उघडा. एकीत बिगिन (व्यवहार सुरू) देऊन एक ओळ बदला, कमिट (बदल पक्का) करू नका. दुसरीत तीच ओळ बदलायला जा. ती थांबून राहील. आता पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी या यादीत कोण थांबलंय ते बघा, आणि ते कोणासाठी थांबलंय ते पीजी-ब्लॉकिंग-पिड्स या फंक्शनने बघा. नंतर दोघींना एकमेकींसाठी थांबायला लावा, म्हणजे डेडलॉक होईल. सेकंदभरात पोस्टग्रेस त्यातल्या एकीला बाहेर काढतो.

आपल्याकडे लाईन जाते तेव्हा डेटाबेसचं काय होतं हेही बघून घ्या. प्लग उपटायची गरज नाही. ओळी भरणं चालू असतानाच सर्व्हरची प्रोसेस जबरदस्तीने बंद करा, पुन्हा सुरू करा आणि सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, वाचा. रिकव्हरी कुठून सुरू झाली ते त्यात लिहिलेलं असतं. कमिट झालेलं सगळं जागेवर, अर्धवट राहिलेलं काहीच नाही. प्रत्येक बदल आधी राइट-अहेड लॉगमध्ये लिहिला जातो म्हणून हे साधतं. पुस्तकात ड्युरेबिलिटी (पक्कं झालेलं हरवत नाही हा गुण) वाचून जे कळत नाही ते सर्व्हरच्या लॉगमध्ये डोळ्यांसमोर दिसतं.

आणि बॅकअप. पीजी-डंप या साधनाने बॅकअप घ्या, वेगळ्या नावाच्या डेटाबेसात रिस्टोर करा (परत भरा), ओळी मोजा, बेरजा जुळवा. रिस्टोर करून न बघितलेल्या बॅकअपवर मी काडीचा विश्वास ठेवत नाही. ते जमलं की बेस बॅकअप (सगळ्या फाइलींची प्रत) आणि राइट-अहेड लॉगच्या जोरावर ठरावीक वेळेपर्यंत मागे जायला शिका. एक टेबल मुद्दाम उडवा, वेळ लिहून ठेवा आणि त्याच्या मिनिटभर आधीच्या स्थितीला डेटाबेस परत आणा. ज्याला हे हाताने करता येतं त्याला मुलाखतीत घाबरायचं कारण नाही.

एसक्यूएल सर्व्हर शिकून ठेवा असं म्हणतो, कारण विंडोजवर चालणारी हिशेबाची बरीच सॉफ्टवेअरं त्यावर आहेत. जरा बरं मशीन मिळालं की डेव्हलपर एडिशन टाका. शिकायला फुकट आहे आणि त्यात सगळ्या सोयी आहेत. ओला हॅलेनग्रेन यांच्या देखभालीच्या स्क्रिप्ट आणि ब्रेंट ओझार यांचं फर्स्ट रिस्पॉन्डर किट जगभरचे ॲडमिन वापरतात, दोन्ही फुकट. एक खास आपल्या कामाचं: मराठी नावं तिथे एनव्हारकॅर प्रकारच्या कॉलममध्ये ठेवा आणि मजकुराच्या आधी 'एन' लावायला विसरू नका, नाहीतर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि मूळ अक्षरं त्या टेबलातून परत मिळत नाहीत. जुन्या कार्यालयांत कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच टेबलात भरा. तुम्ही डेटा एंट्री केलेली आहे, मराठी नावांचे घोळ तुम्हाला तोंडपाठ असतील. हे ज्ञान शहरातल्या पोरांकडे सहसा नसतं, मुलाखतीत ते जरूर सांगा.

महागडी सर्टिफिकेटं सध्या नको. त्या पैशांत रॅम ८ जीबी करा आणि एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. शेतकरी, काटा, चुकारा या टेबलांची रचना झाली की इथे खाली टाका, मी बघून सांगतो.