कुंपण तोडावं का?

प्रश्न : आमचा वहिवाटीचा रस्ता एकाने कुंपण घालून बंद केला. कोर्टात नुसत्या तारखा पडतात. पोरं म्हणतात, रात्री कुंपण तोडू, आडवा आला तर हाणू. चूक आहे का? – एक वाचक

उत्तर : रात्रीच का? मला पहिल्यांदा खटकलं ते हेच. 1922 च्या राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. सहा वर्षांची झाली. कायदा मोडायचाच तर दिवसाढवळ्या, नाव सांगून मोडा. अंधारात तोडलंत तर तुमच्यात आणि त्या कुंपणवाल्यात फरक काय राहिला?

‘हाणू’चं म्हणाल तर महाड आठवा. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ला झाला. उलटून मारण्याइतका संताप होता, पण बाबासाहेबांनी आवरलं. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा त्यांनी तळ्याचं पाणी घेण्याचा सत्याग्रह पुढे ढकलला. हायकोर्टाचा निकाल लागला 1937 मध्ये. दहा वर्षं! एवढा धीर धरा असं तुम्हाला सांगायला माझीही जीभ रेटत नाही.

मंडेलांनी 1961 मध्ये घातपाताचा मार्ग धरला हे खरं. पण त्यांना मतदानाचा हक्कच नव्हता, आणि सुरुवातीला माणसं मरणार नाहीत अशी लक्ष्यं निवडायची असं ठरलं होतं. तुमचं कोर्ट अजून उघडं आहे. तात्पुरत्या मनाईसाठी, म्हणजे निकाल लागेपर्यंत त्याने रस्ता अडवू नये अशा हुकुमासाठी, अर्ज केलाय का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. आधी वकिलांना ते विचारा.