पहिल्याच सामन्यात सहा गोल खाल्लेला संघ गटसाखळीतून पुढे जाऊ शकतो का?

जातो. गेलेला आहे. 2023 च्या महिला फुटबॉल विश्वचषकात मोरोक्को पहिला सामना जर्मनीकडून 6-0 असा हरलं आणि दहा दिवसांनी बाद फेरीत पोचलं. जर्मनी घरी गेलं.

समान गुण झाले तर आधी काय बघतात, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तो खाली घेते. आधी हे 6-0 चं बोलू द्या, कारण मी स्वतः 6-0 हरलेली बाई आहे आणि त्यावरून आमच्या घरात चौदा वर्षं भांडण चाललं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. सगळी काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर. शाळेतले पी.टी.चे सर कामठीचे होते, आणि कामठीचा माणूस म्हटल्यावर फुटबॉल आलाच, नागपूरकडच्यांना हे सांगायला नको. पोरं क्रिकेट सोडायला तयार नव्हती म्हणून सरांनी पोरींच्या पायात बॉल दिला. 2009 च्या पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धेत नाव टाकलं. मुलींचे चारच संघ आले, त्यामुळे नेहमीची बाद पद्धत सोडून साखळी ठेवली, म्हणजे प्रत्येक संघानं बाकी सगळ्यांशी खेळायचं. पहिल्या दिवशी एक सामना, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पहिल्या दोघींचा तिसऱ्या दिवशी अंतिम सामना.

आमचा पहिला सामना तालुक्याच्या गावातल्या कॉन्व्हेंटशी. रात्रभर पाऊस पडलेला. काळ्या मातीचा चिखल ज्यानं तुडवला नाही त्याला सांगून समजत नाही, दहा पावलं टाकली की पायाला किलोभर माती. त्यांच्या पायात बूट, आम्ही अनवाणी. गोलमध्ये माझी चुलत बहीण, मोठेबाबांची पोरगी. सरांनी तिला हातमोजे दिले होते, फवारणीच्या औषधासोबत फुकट आलेले, पिवळ्या रबराचे. कोरड्यात बरे होते ते. ओला बॉल लागला की साबण. पहिला बॉल तिच्या दोन्ही हातांतून निसटून मागे गेला आणि गोलरेषेवर चिखलात रुतून बसला. आत गेलाच नव्हता. ती वळली, पाय उचलायला गेली, पाय निघेना. तेवढ्यात त्यांची एक पोरगी धावत आली आणि तिनं बोटानं टिचकी मारावी तसा तो आत ढकलला.

दुसरा गोल माझा. सेल्फ गोल. बाहेर मारायला पाय फिरवला आणि घसरले. मध्यंतरापर्यंत चार झाले. मग सरांनी तिला हातमोजे काढायला लावले, आणि नंतरच्या पूर्ण अर्ध्यात दोनच झाले. हा हिशोब कोणी करत नाही, मी केला.

आम्हाला मोठेबाबांनी त्यांच्या मिनीडोर गाडीतून नेलं होतं. ते सामना बघत उभे होते. गोलच्या मागे जमलेली टवाळ पोरं दर गोलला शिट्ट्या मारत होती आणि त्यातल्या एकानं मोठेबाबांनाच विचारलं, "भाऊ, ते गोली कोनाची आहे?" मोठेबाबा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवरही नाही. घरी हातपाय धुऊन झाल्यावर म्हणाले, "एका दिवसात सहा खाल्ले, पोट नाई भरलं का? उद्या कोनी जानार नाई."

मिनीडोर नाही म्हटल्यावर संपलंच. पहिली एसटी नऊला, सामना आठला. मोठेबाबांनी आपली पोरगी अडवल्यावर बाकीच्यांचे बापही तेच म्हणाले. सकाळी साडेसहाला मी नाक्यावर गेले तर सर उभे होते, खांद्यावर जाळीत बॉल. आम्ही पाच जणी जमलो. मैदानात उतरायला सात तरी लागतात. सात वाजेपर्यंत थांबून सर म्हणाले, "जा घरी."

नंतर कळलं ते असं. बाकीच्या दोन शाळा आपसात 0-0 खेळल्या. दोघीही कॉन्व्हेंटकडून 3-0 हरल्या. दोघींनाही आमच्याविरुद्ध फुकटचा विजय. सगळंच सारखं, म्हणून अंतिम सामन्याला कोण जाणार ते नाणं उडवून ठरवलं. नाणं उडवून! ज्यांना एकमेकींवर एक गोल करता आला नाही त्यांना आम्ही 1-0 हरवलं असतं तर सहा गुण झाले असते आणि अंतिम सामना आमचा होता.

हे "असतं तर" मी चौदा वर्षं बोलत आले आणि मोठेबाबा चौदा वर्षं हसत आले. पोळ्याच्या जेवणाला पंगत बसली की वाढणाऱ्याला सांगायचे, "इले सहा पुऱ्या वाढा, सवय आहे."

मीही काही कमी नाही. जानेवारी 2022 मध्ये महिला फुटबॉलचा आशिया चषक आपल्याच राज्यात होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. भारत पहिला सामना इराणशी 0-0 खेळला, आणि दुसऱ्याच्या वेळी कोरोनामुळे तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. संघानं माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणबरोबरचा निकालही पुसला. मी लगेच मोठेबाबांना म्हटलं, या नियमानं आमचे सहा गोलही पुसले पाहिजेत, आम्ही दुसऱ्या दिवशी उतरलोच नाही. ते म्हणाले, "कागदावरचे पुसले जातात, मी तं डोळ्यानं पाहिले."

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वरला आपण अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0 आणि ब्राझीलकडून 5-0 हरलो. मोठेबाबांचा फोन आला, "देशाच्या पोट्ट्याईनं आठ खाल्ले, तुमी तं सहाच." तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं की त्या संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या खेड्यातली आहे, आणि तिला कोणी दुसऱ्या सामन्याआधी घरी नेलं नाही.

आता 3 ऑगस्ट 2023. दुपारचे साडेतीन. मी अंगणवाडीतून आले होते, मोबाईल चार्जिंगला लावून भिंतीला टेकून बसले. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवतात, दुसऱ्याचा निकाल बघून कोणी सोयीचं खेळू नये म्हणून. पर्थला मोरोक्को विरुद्ध कोलंबिया, ब्रिस्बेनला जर्मनी विरुद्ध दक्षिण कोरिया. मोरोक्कोनं मधला सामना कोरियाशी 1-0 जिंकला होता. महिला विश्वचषक खेळणारा पहिला अरब देश, आणि हा त्यांचा पहिला विजय. पण कोणी मनावर घेतलं नव्हतं, कारण जर्मनी दोनदा जगज्जेती, त्याआधीच्या एकाही विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीच्या आत बाहेर न पडलेली. ती कोलंबियाकडून 97 व्या मिनिटाच्या गोलवर हरलेली असली, तरी कोरियाला हरवेलच असं सगळे धरून चालले होते.

मध्यंतराच्या तोंडावर मोरोक्कोला पेनल्टी मिळाली. कोलंबियाच्या गोलकीपरनं अडवली, पण बॉल परत आला तो अनिसा लहमारीनं आत टाकला. 1-0. तेवढ्यावर सामना संपला, तरी ब्रिस्बेनचा चालूच होता. मोरोक्कोच्या पोरी मैदानातच घोळका करून उभ्या, कोणाच्या तरी मोबाईलमध्ये डोकी घातलेल्या. मी इकडे माझ्या मोबाईलमध्ये. जर्मनी 1-1 वर अडकली, शिट्टी वाजली, आणि त्या पोरी पळत सुटल्या.

मला रडू आलं. सासूबाई आतून धावत आल्या, "काय झालं, कोन गेलं?" मी म्हटलं, जर्मनी.

आता हिशोब बघा. मोरोक्कोनं तीन सामन्यांत दोन गोल केले आणि सहा खाल्ले. जर्मनीनं आठ केले, तीन खाल्ले. पुढे कोण गेलं? दोन करणारी. 2009 ला आम्ही ते दोन सामने 1-0 जिंकलो असतो तर आमचाही आकडा हाच होता, दोन केले, सहा खाल्ले. आणि त्या जर्मनीच्या सहा गोलांपैकी दोन तर मोरोक्कोचेच सेल्फ गोल होते. माझा एकच.

मी डोळे पुसले आणि फोन लावला.

"मोठेबाबा, मोरोक्को पुढे गेलं."

"कोन?"

"पहिल्या सामन्यात सहा खाल्लेल्या पोरी. पुढचे दोन जिंकल्या."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग, "गोली बदलली असन."

"नाही बदलली. तीच. खदिजा एर-रमिची. सहा खाल्ले तिनंच, आणि मग दोन सामन्यांत एकही नाही."

"निंदनाच्या बाया आल्या," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या पोळ्याला मला पुऱ्या मोजून वाढायला कोणी सांगितलं नाही.

आता तुमचा दुसरा भाग. समान गुण झाले तर काय, हे स्पर्धेवर आहे. 2023 च्या विश्वचषकात आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले), मग केलेले गोल, आणि तरीही सारखं राहिलं तर आपसातला सामना. आशियाच्या स्पर्धांत उलटं, आपसातला निकाल आधी. युरो चषकातही आपसातलाच आधी बघतात. हे विसरू नका, कारण सहा गोल फुकट जात नाहीत हेही मला मान्य करावं लागतं. मोरोक्को आणि कोलंबिया दोघींचे सहा-सहा गुण, मोरोक्कोनं कोलंबियाला हरवलेलं, तरी गटात पहिली आली कोलंबिया, गोलफरकावर. म्हणून मोरोक्कोच्या वाट्याला फ्रान्स आलं आणि त्या 4-0 हरल्या. कोलंबियाला जमैका मिळाली, ती 1-0 जिंकली. म्हणजे जर्मनीचे ते सहा गोल शेवटी वसूल झालेच, जरा उशिरा. मोठेबाबांना मी हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

फरक कुठपर्यंत मोजावा लागतो याचं आपलंच उदाहरण आहे. जुलै 2025, चियांग माई, आशिया चषकाची पात्रता. आपसातल्या शेवटच्या सामन्याआधी भारत आणि थायलंड दोघांचे नऊ गुण, दोघांनी 22 गोल केलेले, दोघांनी शून्य खाल्लेले. बरोबरी झाली असती तर पेनल्टीवर निकाल लागणार होता. संगीता बासफोरनं दोन गोल केले, भारत 2-1 जिंकला आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशिया चषकात गेला. त्या 22 मधले तेरा मंगोलियावरचे होते, पहिल्याच सामन्यात. मंगोलियाच्या पोरी तेरा खाऊनही पुढचे सामने खेळल्या. त्यांच्याकडे मिनीडोरवाले मोठेबाबा नसावेत.

तुमच्या प्रश्नात "अशा संघानं खेळत राहण्यात काय अर्थ" असं एक वाक्य आहे. ते मला खटकलं, स्पष्टच सांगते. साखळी असते कशासाठी? हरलेल्याला उद्याचा दिवस मिळावा म्हणून. आमच्याकडे शाळांच्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीनं होतात. वर्षभर सराव, पन्नास-साठ किलोमीटर एसटी, एक सामना, हरलं की संध्याकाळी घरी. अशानं पोरीला सहा गोलांचा धडा मिळतो, पण तो वापरायला दुसरा सामना मिळत नाही. निदान तालुक्याला तरी साखळी ठेवा. संघ जास्त असले तर वेळ आणि मैदान कमी पडतं हे मला कळतं, पण मुलींचे चार-पाचच येतात तिथं काय अडचण आहे? आणि तुमची पोरगी अशी हरून आली असेल तर दुसऱ्या दिवशीची गाडी आधी ठरवा, बाकीचं बोलणं मग.

एक राहिलं. हे लिहायच्या आधी चुलत बहिणीला फोन केला होता, पहिला गोल नक्की कसा झाला ते विचारायला. ती आता वर्ध्याला असते. रुतलेल्या बॉलचं तिलाही आठवतं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अवं, त्या रात्री मीच बाबाले म्हटलं होतं, मले नाई जायचं उद्या. बोटं सोलून निघाले होते."

मी म्हटलं, मग ते चौदा वर्षं माझं ऐकून का घेत राहिले?

"त्याईले वाटलं, तुले समजलं तं तू मले बोलशील."

बोलले असते. ते खरं आहे. पण मिनीडोर तरी सोडायला हवी होती त्यांनी. ती एकटी घरी राहिली असती तर बाकीच्या आल्या असत्या, दहा जणींनी खेळता येतं. गोलमध्ये मी उभी राहिले असते.