स्वस्त तिकीट, महाग सामान

प्रश्न : मुलगा टोरंटोला असतो, डिसेंबरात निपाणीला येतो. टोरंटो-मुंबई आणि मुंबई-सांबरा (बेळगावचा विमानतळ) अशी तिकिटं वेगळी काढली तर परवडेल का?

उत्तर : कधीकधी परवडतं, पण आधी सामानाचं वजन बघा. परदेशातून बहुधा २३-२३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच. जादा किलोचे पैसे बचत खाऊन टाकतात. शिवाय मुंबईत कस्टम्स उरकून पुन्हा चेक-इन करायचं, आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यानं पुढचं चुकलं तर भरपाई नाही. निपाणी हायवेवरच आहे, रात्रीची बस काय वाईट? परतताना मात्र एक दिवस आधीच मुंबई गाठावी.

टोरंटो-मुंबई जाण्यायेण्याचं तिकीट एकत्रच काढा. त्यातला पहिला टप्पा सोडला, तर परतीचंही रद्द होतं. नाताळाच्या तोंडावर भाडं चढतं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालेलं बरं.